लिटल काइट्स

केरळमधील सरकारी व अनुदानित माध्यमिक शाळांतील विद्यार्थ्यांचे माहिती-तंत्रज्ञान मंडळ. राज्यात शालेय संगणक शिक्षणासाठी २००१ मध्ये ‘आयटी अ‍ॅट स्कूल’ प्रकल्प सुरू झाला. २०१७ मध्ये त्याचे रूपांतर ‘केरळ इन्फ्रास्ट्रक्चर अँड टेक्नॉलॉजी फॉर एज्युकेशन’ (काइट) या शासकीय कंपनीत झाले. तिच्यामार्फत जानेवारी २०१८ मध्ये या मंडळांची स्थापना झाली. इयत्ता आठवीत अभिरुची चाचणी घेऊन सदस्य निवडतात. प्रत्येक शाळेतील मंडळाचे काम प्रशिक्षित शिक्षकांच्या देखरेखीखाली चालते.

प्रशिक्षणात अ‍ॅनिमेशन, प्रोग्रॅमिंग, मल्याळम संगणन, हार्डवेअर, इलेक्ट्रॉनिक्स, रोबोटिक्स व सायबर सुरक्षा हे विषय असतात. प्रोग्रॅमिंगची सुरुवात ‘स्क्रॅच’मध्ये रंगीत ठोकळे जुळवून, पडद्यावरील पात्राला चालते-बोलते करण्यापासून होते. शाळांतील संगणक मुक्त सॉफ्टवेअरवर चालत असल्याने परवाना शुल्काचा भार पडत नाही.

मिळवलेले ज्ञान इतरांना देणे, हा उपक्रमाचा महत्त्वाचा भाग आहे. २०२२ मध्ये सदस्य विद्यार्थ्यांनी मातांसाठी सायबर सुरक्षेचे वर्ग घेतले. त्यांत सुरक्षित पासवर्ड, ओटीपीची गुप्तता, खोट्या बातम्यांची पारख आणि ऑनलाइन फसवणूक यांची माहिती देण्यात आली. तंत्रकौशल्याला नागरिक म्हणून असलेल्या जबाबदारीची जोड देणारा हा भारतातील एक उल्लेखनीय शासकीय उपक्रम होय.