न झाडलेली गोळी : वेमॉर्कचा घातपात आणि 'मेडल ऑफ ऑनर'

दुसऱ्या महायुद्धाचे स्मरण ग्रंथ, चित्रपट व स्मारके यांच्याद्वारे होत आले आहे. विसाव्या शतकाच्या अखेरीस त्यांत व्हिडिओ गेमची भर पडली. या माध्यमात इतिहासाचे काय होते, याचा विचार प्रस्तुत निबंधात एकाच उदाहरणाच्या आधारे करावयाचा आहे. ते उदाहरण म्हणजे सोनी कंपनीच्या पहिल्या प्लेस्टेशनसाठी 1999 मध्ये प्रसिद्ध झालेला 'मेडल ऑफ ऑनर' हा खेळ आणि त्यातील नॉर्वेची मोहीम.

या खेळाची कल्पना चित्रपट-दिग्दर्शक स्टीव्हन स्पीलबर्ग यांची. 'सेव्हिंग प्रायव्हेट रायन' हा त्यांचा चित्रपट 1998 मध्ये प्रदर्शित झाला. त्याच सुमारास, तरुण पिढीला महायुद्धाची ओळख तिच्या आवडीच्या माध्यमातून व्हावी, असे त्यांना वाटू लागले. ड्रीमवर्क्स इंटरॅक्टिव्ह या संस्थेने खेळ घडविला, निवृत्त कॅप्टन डेल डाय यांनी लष्करी बाबतींत सल्ला दिला आणि मायकेल जियाकिनो यांनी वाद्यवृंदासाठी संगीत रचले. जिमी पॅटरसन हा खेळाचा काल्पनिक नायक 'ऑफिस ऑफ स्ट्रॅटेजिक सर्व्हिसेस' या अमेरिकी गुप्तचर संघटनेचा अधिकारी आहे. खेळणारा त्याच्याच डोळ्यांनी युद्ध पाहतो आणि पडद्याच्या तळाशी बहुधा त्याच्या हातातील शस्त्र दिसत राहते. 'फर्स्ट-पर्सन शूटर' या प्रकाराचे हेच व्यवच्छेदक लक्षण होय.

यंत्राची घडणही येथे लक्षात घेतली पाहिजे. या कन्सोलची मुख्य स्मृती अवघी 2 मेगाबाइट होती. परंतु खेळ ज्या तबकडीवर येई, तिची क्षमता सुमारे 650 मेगाबाइट होती. त्यामुळे मोठे सैन्य किंवा विस्तीर्ण रणभूमी पडद्यावर उभी करणे दुष्कर होते. मात्र ध्वनिमुद्रित संगीत, जर्मन भाषेतील आरोळ्या आणि युद्धकालीन चित्रफिती तबकडीवर सहज मावत. अंधारे मार्ग, थोडे शत्रू व एकाकी नायक हे या खेळाचे रूप काही अंशी या मर्यादेतून घडले. त्याला दस्तऐवजाचा जो भारदस्तपणा लाभला, तो चित्रफिती व ध्वनी यांमुळे.

या भारदस्तपणाची कसोटी र्‍युकानच्या मोहिमेत लागते. नॉर्वेतील या गावाजवळ वेमॉर्क येथे नोर्स्क हिड्रो कंपनीचा जलविद्युत प्रकल्प होता व तेथे जड पाणी तयार होत असे. एप्रिल 1940 मध्ये जर्मनीने नॉर्वेवर आक्रमण केले आणि हा प्रकल्प तिच्या ताब्यात गेला. जर्मन अणुसंशोधनाला जड पाण्याची गरज असल्यामुळे तो उद्ध्वस्त करणे दोस्त राष्ट्रांना निकडीचे वाटले. नोव्हेंबर 1942 मध्ये ब्रिटिशांनी ग्लायडरमधून सैनिक धाडले. तो प्रयत्न फसला. अपघातांतून जे वाचले, त्यांना जर्मनांनी ठार केले. या मोहिमेत एकूण 41 जणांचा बळी गेला.

त्यानंतर हे काम ब्रिटनमध्ये प्रशिक्षण घेतलेल्या नॉर्वेजियन तरुणांकडे आले. योआकिम रोनेबर्ग यांच्या नेतृत्वाखाली सहा जण फेब्रुवारी 1943 मध्ये हवाई छत्रीने उतरले आणि आधीपासून पठारावर तग धरून असलेल्या सहकाऱ्यांना मिळाले. 27 फेब्रुवारीच्या रात्री नऊ जण बर्फाळ दरीत उतरले, नदी ओलांडून पलीकडचा कडा चढले व रेल्वेमार्गाने प्रकल्पाशी पोहोचले. रोनेबर्ग एका साथीदारासह केबलच्या अरुंद बोगद्यातून आत शिरले. तळघरातील नॉर्वेजियन पहारेकऱ्याने आपला चष्मा सापडत नसल्याचे सांगितले, तेव्हा स्फोटाची वात पेटविण्यापूर्वी त्यांनी तो शोधून दिला. सुमारे 500 किलो जड पाणी वाहून गेले. दोन्ही बाजूंनी एकही गोळी झडली नाही, कोणी दगावले नाही. नागरिकांवर सूड उगवला जाऊ नये म्हणून ब्रिटिश गणवेश घालण्याची दक्षताही घेण्यात आली होती.

खेळात हेच कार्य एकटा अमेरिकी अधिकारी वाटेतील पहारेकऱ्यांना टिपत पार पाडतो. नॉर्वेजियनांचे श्रेय अमेरिकेकडे गेले, हा दोष उघड आहे व तो राष्ट्राभिमानाच्या खात्यावर टाकणे सोपे आहे. वस्तुतः अधिक गंभीर बदल दुसराच आहे. वेमॉर्कचे यश गोळी न झाडण्यात होते. पण ज्या खेळात जगाशी संबंध मुख्यतः बंदुकीतून येतो, त्यात संयमाला कृतीचे रूप देणे अवघड जाते. याच खेळाच्या काही टप्प्यांत शत्रूचा गणवेश घालून, कागदपत्रे दाखवून पुढे सरकता येते, म्हणजे रचनाकारांना या उणिवेची जाणीव नव्हती असे नाही. तथापि तेथेही वेषांतर हा गोळीबारापूर्वीचा विराम ठरतो.

श्रेयाची उणीव काही अंशी पुढे भरून निघाली. 2000 मधील 'मेडल ऑफ ऑनर : अंडरग्राउंड' या खेळाची नायिका मानों बातिस्त ही फ्रेंच प्रतिकार-चळवळीतील आहे व एलेन देशां या प्रत्यक्ष महिलेच्या युद्धकार्यावरून ती सुचली. नायक बदलला, राष्ट्र बदलले; कृतीचे व्याकरण मात्र तेच राहिले.

वेमॉर्कची कथा त्या रात्री संपतही नाही. प्रकल्प दुरुस्त झाला. नोव्हेंबर 1943 मध्ये अमेरिकी विमानांनी त्यावर बॉम्बफेक केली, तीत नॉर्वेजियन नागरिक मेले. 20 फेब्रुवारी 1944 रोजी जर्मनीकडे निघालेले जड पाणी वाहून नेणारी 'हिड्रो' ही बोट घातपात्यांनी टिन सरोवरात बुडविली. तीत 14 नॉर्वेजियन व 4 जर्मन मृत्युमुखी पडले. बोटीवर आपलेच लोक असणार, हे घातपात करणारे जाणून होते. खेळात रक्तही दाखविलेले नाही. मग असा निर्णय घेणाऱ्याच्या मनावरील ओझे त्यात कोठून यावे?

रोनेबर्ग यांचे 2018 मध्ये निधन झाले. प्रत्यक्ष साक्षीदार जसजसे नाहीसे होतात, तसतसा प्रतिकृतींचा अधिकार वाढतो. अनेकांनी र्‍युकानचे नाव प्रथम याच खेळात ऐकले असेल. म्हणून अशा खेळांचे परीक्षण करताना गणवेश व शस्त्रे बिनचूक आहेत की नाहीत, एवढेच पाहून भागणार नाही. खेळणाऱ्याला कोणती कृती करता येते आणि कोणती करताच येत नाही, हे अभ्यासकाने तपासले पाहिजे. पहारेकऱ्याचा चष्मा शोधण्यात गेलेले ते काही क्षण वेमॉर्कच्या इतिहासाचाच भाग आहेत आणि या खेळाच्या नियमांत त्यांना जागा नाही.