मलमलीचे झाकण

काचेच्या टाकीवर झाकण घालण्याची सुरुवात मासे उड्या मारतात म्हणून झाली नाही. ती लंडनच्या काजळीमुळे झाली. रसायनशास्त्रज्ञ रॉबर्ट वॉरिंग्टन यांनी 1849 मध्ये 12 गॅलनांच्या काचपात्रात दोन छोटे गोल्डफिश, व्हॅलिस्नेरिया ही पाणवनस्पती आणि पुढे गोगलगायी ठेवून पाणी न बदलता जीवन टिकते का, हे पाहिले. पात्राच्या तोंडावर त्यांनी तांब्याच्या तारेच्या कड्यावर ताणलेली पातळ मलमल ठेवली होती. धूळ अडावी, हवा मात्र खेळती राहावी, हा हेतू. इतकी साधी आणि नेमकी युक्ती आजही कौतुकास पात्र आहे.

1853 मध्ये लंडनच्या प्राणिसंग्रहालयात मत्स्यालय उघडले आणि लवकरच घरोघरी टाक्या आल्या. पुढे उष्ण प्रदेशांतले मासे पाळले जाऊ लागले, तेव्हा झाकणाची कामे वाढली: ऊब टिकवायची, बाष्पीभवन कमी करायचे, दिवा धरायचा आणि मासा आत ठेवायचा. दक्षिण अमेरिकेतले हॅचेटफिश छातीच्या बळकट स्नायूंच्या जोरावर पाण्याबाहेर झेपावतात. इतर मासेही दचकले, दुसऱ्या माशाने पाठलाग केला किंवा पाण्यातला प्राणवायू घटला तर उडी घेतात. टाकीबाहेर पडलेल्या माशाचे कल्ले वाळतात आणि तो गुदमरतो.

विसाव्या शतकाच्या अखेरीस जपानच्या ताकाशी अमानो यांच्या उघड्या, बिनचौकटीच्या टाक्या लोकप्रिय झाल्या. सौंदर्य वाढले, पण उडीचा धोकाही परतला. अशा टाक्यांवर आता बारीक पारदर्शक जाळी चौकटीत ताणून बसवतात. वॉरिंग्टन यांच्या मलमलीशी तिचे नाते उघड आहे.