पडदा झाक, ऐक

हिंजवडीत संगणकावर काम करणारा माझा भाचा शनिवारी रात्री डीजे होतो. ‘मामू, ऐका,’ म्हणत त्याने हेडफोन माझ्या कानाला लावला. टेक हाउस नावाचं हे संगीत ब्रिटनमध्ये १९९०च्या दशकात रुजलं. त्यात एका गाण्यातून दुसऱ्यात जाताना खंड पडू द्यायचा नसतो. मला वाटलं, नुसती धडधड असेल. पण निघाला जुनाच प्रश्न.

आमच्याकडे अब्दुल करीम खाँसाहेबांची ७८ फेऱ्यांची तबकडी होती. ग्रामोफोनचा वेग जरा वाढला, की खाँसाहेबांची पट्टीच चढे. डीजेंची अडचण तीच. टेक्निक्सच्या १९७९च्या यंत्रावर वेग आठ टक्क्यांपर्यंत कमी-जास्त करता येई. पण मिनिटाला १२० ठोक्यांचं गाणं १२७ वर नेलं, की काळी एकची जवळजवळ पांढरी दोन होते. लय जुळते, सूर भांडतात. पुढे वेग बदलूनही पट्टी राखणारी यंत्रं आली. तरी कुठल्या पट्टीला कुठली मानवेल, हे उरलंच. त्यासाठी भाच्याच्या पडद्यावर बारा घरांचं चक्र होतं. शेजारच्या घरांत अंतर पंचमाचं. म्हणजे आपल्या तंबोऱ्यातलंच षड्ज-पंचमाचं नातं!

खाँसाहेब १९३७ मध्ये गेले. मिरजेच्या दर्ग्यात त्यांच्या स्मरणार्थ मैफली होतात. तंबोरे लावताना तिथे कुणी आकडे पाहत नाही. मी भाच्याला म्हणालो, ‘पडदा झाक.’ तो तीनदा चुकला. चौथ्यांदा सूर मिळाले. ते त्याला माझ्याआधी कळलं.