चिठ्ठी

दिवाळीत सोलापूरला गेले होते. फराळ, भाऊबीज वगैरे आटोपल्यावर बाबांचं पुस्तकांचं कपाट आवरायला काढलं. (हे दरवर्षीचं काम. दरवर्षी ते पहिल्या फळीपलीकडे जात नाही, कारण मी आवरायचं सोडून वाचत बसते.) या वेळी हातात आलं मारुती चितमपल्लींचं 'चकवाचांदणं'. उघडलं तर आतून एक घडी घातलेली चिठ्ठी पडली. वहीचा फाडलेला कागद आणि बाबांचं फळ्यावरचं असतं तसं वळणदार अक्षर:

"माझे वडील माळढोकाला हूम म्हणत. आता आमच्याकडे हा शब्द कोणी वापरत नाही. पक्षी आधी जातो की त्याचं नाव आधी जातं?"

खाली तारीख नव्हती, पण वर कोपऱ्यात लिहिलं होतं, "संमेलन, २००६".

बाबांना विचारलं, तर आधी त्यांना आठवेचना. मग चष्मा लावून वाचली आणि जरा ओशाळं हसले. म्हणाले, "विचारायचा होता प्रश्न. राहून गेला."

झालं होतं ते असं. २००६ साली ७९वं अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन सोलापुरात झालं. अध्यक्ष चितमपल्ली, म्हणजे सोलापुरातच १९३२ साली जन्मलेला माणूस. वनखात्यात आयुष्य काढून, नवेगावबांध, नागझिरा, मेळघाट पायाखाली घालून तो अध्यक्ष म्हणून आपल्या गावी आला होता. बाबा आदल्या रात्री प्रश्न लिहून चिठ्ठी खिशात घालून गेले. भाषण ऐकलं, टाळ्या वाजवल्या आणि चिठ्ठी खिशात घेऊन परत आले. कारण अध्यक्षीय भाषणात श्रोत्याने प्रश्न विचारायला जागाच नसते. भाषण होतं, मग आभार होतात, मग सगळे उठतात.

तेव्हापासून माझ्या डोक्यात हेच घोळतंय, की लेखक आणि वाचक समोरासमोर येतात तेव्हा बोलायचं कोणी? नि विचारायचं कोणी?

आपल्याकडे या प्रकाराची सुरुवात झाली ११ मे १८७८ ला, पुण्यात. न्यायमूर्ती रानडे आणि लोकहितवादी यांनी ग्रंथकारांची सभा बोलावली आणि आजच्या संमेलनाचं मूळ तिथेच धरलं जातं. नावच बघा ना, 'ग्रंथकार सभा'. लिहिणाऱ्यांनी लिहिणाऱ्यांसाठी भरवलेली. त्या काळी छापील मराठी पुस्तकं ती किती आणि ती विकत घेऊन वाचणारे किती? म्हणून पुस्तकं वाढावीत, खपावीत याची काळजी करायला माणसं जमली, आणि ते चूकही नव्हतं. वाचकाने तिथे येऊन काही विचारावं अशी कल्पना नसावी.

पण प्रश्न आलाच. दुसरी सभा १८८५ साली भरली, तेव्हा जोतीराव फुल्यांना निमंत्रण गेलं. ते आले नाहीत, त्यांनी रानड्यांना पत्र लिहिलं. ते पत्र पुढे 'ज्ञानोदया'त छापून आलं आणि आज त्या सभेतल्या कुठल्याही भाषणापेक्षा तेच जास्त लोकांना माहीत आहे. फुल्यांचं म्हणणं थोडक्यात असं, की जे लोक इतरांना माणूस म्हणून त्यांचे हक्क मनापासून द्यायला तयार नाहीत, त्यांच्या सभांशी नि त्यांच्या पुस्तकांशी आमचा मेळ बसत नाही. आमचा विचार आम्हालाच करावा लागेल.

मी हे पत्र कॉलेजात 'बहिष्कार' म्हणून शिकले होते. आता वाटतं, मराठी साहित्य संमेलनाला विचारला गेलेला तो पहिला मोठा प्रश्न होता. फक्त विचारणारा मंडपात नव्हता, बाहेर होता.

मंडपाबाहेरून आठवलं. आमचे आजोबाही एका संमेलनाला असेच बाहेर उभे होते. १९४१ साली सोलापुरात संमेलन भरलं, अध्यक्ष होते वि. स. खांडेकर. आजोबा तेव्हा मिलमध्ये बदलीवर लागलेले, अठरा वर्षांचे. त्या सोलापुरात मार्शल लॉ होऊन फक्त अकरा वर्षं झाली होती. मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, कुर्बान हुसेन आणि जगन्नाथ शिंदे या चौघांना १२ जानेवारी १९३१ ला येरवड्यात फाशी दिलेली सगळ्या गावाच्या डोळ्यांसमोर ताजी होती. घरात कोणी कानडी बोलणारं, शेजारी कोणी तेलुगू, कारखान्यात सगळ्यांची मिळून एक भाषा, आणि दिवस भोंग्यावर चालायचा. अशा गावात पाळी सुटल्यावर आजोबा नुसते बघायला गेले. भाषणातलं काही कळलं नाही म्हणायचे. पण एका माणसाने गोष्टी लिहिल्या म्हणून त्याला ऐकायला इतकी माणसं जमतात, याचंच त्यांना नवल वाटलं. पुढे रात्रशाळेत जाऊन ते वाचायला शिकले, आणि खांडेकर वाचले. 'ययाति'ला ज्ञानपीठ मिळालं (१९७४), तेव्हा "मी बघितलंय यांना" असं गल्लीभर सांगत फिरले होते म्हणे. :-)

दुसरी गोष्ट बार्शीची. १९८० चं संमेलन आमच्याच जिल्ह्यात, बार्शीला झालं आणि अध्यक्ष होते गं. बा. सरदार. 'संतवाङ्मयाची सामाजिक फलश्रुती' लिहिणारे, महात्मा फुल्यांचा विचार पुन्हा पुन्हा मांडणारे सरदार. म्हणजे ज्या सभेला जायला फुल्यांनी नकार दिला, तिच्याच अध्यक्षाच्या खुर्चीत पंचाण्णव वर्षांनी फुल्यांच्या विचारांचा अभ्यासक बसला! याला वाट पाहणं म्हणायचं की उशीर म्हणायचं, ते तुम्हीच ठरवा. मधल्या काळात ज्यांना प्रश्न विचारायचे होते त्यांनी आपले वेगळे मंडप घातलेच होते. १९५८ साली मुंबईत पहिलं दलित साहित्य संमेलन झालं, त्याचं उद्घाटन अण्णाभाऊ साठ्यांनी केलं. बार्शीनंतर चारच वर्षांनी, १९८४ साली, अक्कलकोट तालुक्यातल्या हन्नूरच्या शरणकुमार लिंबाळ्यांचं 'अक्करमाशी' आलं. ते पुस्तक म्हणजे पहिल्यापासून शेवटपर्यंत प्रश्नच आहे: माझा बाप कोण, माझं गाव कुठलं, माझी जात कुठली? आणि १९९९ मध्ये धारावीत पहिलं विद्रोही साहित्य संमेलन भरलं, बाबूराव बागुलांच्या अध्यक्षतेखाली. फुल्यांचं पत्र असं पिढ्यानपिढ्या फिरत राहिलं.

बार्शीच्या संमेलनाला बाबा आणि आजोबा एस.टी.ने गेले होते. बार्शीचा रस्ता नान्नजवरून जातो. आदल्याच वर्षी, १९७९ मध्ये, तिथलं माळढोक अभयारण्य जाहीर झालेलं. आजोबांचं लहानपण त्याच माळावर गेलेलं, गुरांमागे. खिडकीतून बोट दाखवून ते म्हणाले, "इथं हूम असायचे. पावसाळ्यात नर घुमायला लागला की लांबून ऐकू यायचं, हूऽऽम, म्हणून नाव हूम." बाबांनी शब्द पहिल्यांदा ऐकला तो असा. सव्वीस वर्षांनी चिठ्ठीवर उतरला तोही हाच.

आता गंमत बघा. ज्या २००६ साली सोलापुरात बाबा खिशात चिठ्ठी घेऊन बसले होते, त्याच वर्षी जयपूरचा साहित्य महोत्सव सुरू झाला. तिकडे इंग्लंडात चेल्टनहॅमला असा महोत्सव १९४९ पासून भरतोय. या महोत्सवांची रीत निराळी. सगळ्यांवर एक अध्यक्ष नाही. दोन खुर्च्या, मध्ये पाण्याच्या बाटल्या, एकाने विचारायचं, लेखकाने सांगायचं, आणि शेवटची दहा मिनिटं माईक श्रोत्यांत फिरवायचा. आपल्याकडेही प्रकट मुलाखत काही नवीन नाही. जयवंत दळवींनी दहा साहित्यिकांशी मारलेल्या गप्पांचं पुस्तक आमच्या कपाटात आहे, आणि सुधीर गाडगीळांच्या मुलाखती ऐकल्या नाहीत असा आमच्या पिढीतला माणूस सापडणं कठीण. पण संमेलनात मुलाखत म्हणजे जेवणातली कोशिंबीर. मुख्य वाढप भाषणाचं.

म्हणून मला वाटायचं, बाबा चुकीच्या ठिकाणी चिठ्ठी घेऊन गेले. जयपूरसारख्या ठिकाणी त्यांचा प्रश्न विचारला गेला असता. पण मग मी स्वतः अशा दोन-चार महोत्सवांना जाऊन बसले. माईक हातात आला की लोक उभे राहतात आणि स्वतःचंच भाषण करतात. सूत्रसंचालक तीनतीनदा म्हणतो, "कृपया प्रश्न विचारा", आणि शेवटी प्रश्न निघतो तो असा, "तुम्हाला लिहायची प्रेरणा कुठून मिळते?" तेवढ्यात वेळ संपतो. मागच्या रांगेत एखादे बाबा तिथेही खिशात हात घालून बसलेले असणारच.

म्हणजे नुसती जागा ठेवून भागत नाही. विचारणाऱ्याला वाटावं लागतं की आपला प्रश्न विचारण्यासारखा आहे. आजोबांना मंडपात शिरावंसंही वाटलं नाही. बाबा आत जाऊन बसले, प्रश्न लिहून नेला, पण उठले नाहीत. आणि गंमत म्हणजे हेच बाबा वर्गात मराठी शिकवताना मुलांना सांगायचे, "विचारा रे, विचारल्याशिवाय कळत नाही."

चितमपल्लींचं तर सगळं लिखाणच विचारण्यातून आलेलं. झाडांची, पाखरांची, रानवाटांची नावं त्यांनी घरच्या मोठ्या माणसांकडून, जंगलात राहणाऱ्यांकडून, मासेमाऱ्यांकडून विचारून विचारून गोळा केली आणि मग कोशांत घातली. ज्यांना कोणी कधी कुठल्या संमेलनाला बोलावलं नाही, अशांकडचे शब्द त्यांनी मराठीत आणले. बाबांचा प्रश्न ऐकून या माणसाला कंटाळा आला असता असं मला तरी वाटत नाही. उलट त्यांनीच बाबांना दहा प्रश्न विचारले असते.

याहून चुटपुट लावणारी गोष्ट पुढेच आहे. कित्येक वर्षं विदर्भात राहिलेले चितमपल्ली अखेरच्या काळात सोलापुरात परत आले होते. एकाच गावात! मी बाबांना म्हटलं, "अहो, मग गेला का नाहीत भेटायला?" बाबा म्हणाले, "इतक्या मोठ्या माणसाला एका शब्दासाठी कशाला त्रास द्यायचा?" २०२५ साली चितमपल्लींना पद्मश्री जाहीर झाली आणि त्याच वर्षी १८ जूनला ते सोलापुरातच गेले. नान्नजच्या माळावर आता माळढोक दिसला तर बातमी होते.

चिठ्ठी मी परत पुस्तकात ठेवली नाही. बाबांसमोर धरून म्हटलं, "बरं, मला सांगा. हूम म्हणजे नक्की कसा आवाज? आजोबा काय काय सांगायचे?" बाबा आधी "मला काय माहीत" म्हणाले, मग बोलायला लागले. कपाट तसंच राहिलं. माळावरच्या आणखी तीन पाखरांची नि दोन गवतांची नावं मी वहीत लिहून घेतली. मला एकही माहीत नव्हतं.

पक्षी आधी जातो की नाव, याचं उत्तर काही मला देता आलं नाही. 

आता तुम्हाला विचारते. आत्या, तू बार्शीला होतीस ना १९८० साली? आणि बाकीच्यांनो, तुमच्या घरात कोणी हा शब्द ऐकलाय का? ऐकला असेल तर कोणाकडून, कुठल्या गावी, तेही सांगा. बाबा वाट बघतायत.