पेणची गणेशमूर्ती : प्रचलित रूपे

रायगड जिल्ह्यातील पेण शहर आणि तालुक्यातील हमरापूर, जोहे या गावांतील कारखान्यांत घडणारी गणेशमूर्तींची लोकप्रिय रूपे. मूर्ती पूजेची असली तरी गिऱ्हाईक ती रूपावरून मागते. ‘लालबाग’, ‘दगडूशेठ’, ‘टिटवाळा’ ही आता साच्यांची नावे झाली आहेत. मुंबई-पुण्याच्या गर्दीत दुरून पाहिलेला गणपती त्यांच्यामुळे हातभर उंचीचा होऊन घरच्या चौरंगावर बसतो.

लोकांचे डोळे ज्यावर खिळलेले असतात, ते मूर्तीच्या अंगावर दिसते. २०१४ मध्ये ‘जय मल्हार’ ही मालिका सुरू झाली आणि खंडोबाच्या वेशातील गणपतीला मागणी आली. २०१५ च्या गणेशोत्सवात ‘बाहुबली’ चित्रपटाच्या रूपातील गणपती अवतरला. काहींना यात देवाची थट्टा वाटते. मात्र त्या त्या वर्षी समाज काय पाहत होता, हे या मूर्तींइतके स्पष्ट क्वचितच कोठे दिसते. जपानच्या एदो शहरातील लाकडी ठशांची चित्रे, उकियो-ए, अशीच रसिकांच्या मागणीवर वाढली. काबुकीचे नट, सुमोचे मल्ल, सुमिदा नदीवरील आतषबाजी हे त्यांचे विषय. शाराकू या चित्रकाराने १७९४-९५ मध्ये जेमतेम दहा महिन्यांत केलेली नटांची चित्रे आज जगभरच्या संग्रहालयांत आहेत. तेथे चित्रकार, कोरणारा, छापणारा आणि प्रकाशक असे चार हात एका चित्रामागे असत. पेणलाही साचा भरणे, सांधे जुळवणे, घासकाम, रंगकाम ही कामे वेगवेगळ्या हातांची.

त्यांतले सर्वांत नाजूक काम आखणीचे, म्हणजे डोळे रेखण्याचे. अंगाचा रंग फवाऱ्याने देता येतो. बुबुळ आणि पापणीची रेघ मात्र कुंचल्यानेच ओढावी लागते. वेश कोणताही असो, मूर्तीला भाव येतो तो या रेघेतून, आणि पेणचा लौकिकही मुख्यतः तिच्यावरच उभा आहे. तरीही आखणी करणाऱ्याचे नाव मूर्तीवर नसते. शाराकूच्या ठशांवर त्याची सही आहे. पेणच्या कारागिरांची अशी नोंद व्हायला हवी.

शाडूची मूर्ती जड आणि ठिसूळ, सुकायलाही वेळ घेणारी. प्लास्टर ऑफ पॅरिस हलके, लवकर घट्ट होणारे. त्यामुळे उगारलेले हात, पातळ शस्त्रे, चुणीदार वस्त्रे अशी नाट्यमय रूपे त्यात सहज उतरतात. २०२० मध्ये केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने प्लास्टरच्या मूर्तींवर निर्बंध घालताच पेणमध्ये रोजगाराबरोबर या रूपांचाही प्रश्न उभा राहिला.