टाटातून डिस्चार्ज मिळतो, पुढचं कोण बघतं?

(पोस्ट लांब आहे. सवडीने वाचा, पण वाचा.)

आपल्या तळा-माणगाव पट्ट्यात कॅन्सर हा शब्द सहसा कुणी तोंडातून काढत नाही. "काकांना टाटाला नेलंय," एवढंच म्हणतात आणि ऐकणारा काय ते समजतो. एका हॉस्पिटलचं नाव आजाराचं नाव होऊन बसलं, असं दुसरं उदाहरण मला तरी माहीत नाही. पण या टाटाची सुरुवात नेमक्या कुठल्या कॅन्सरपासून झाली, हे विचारलं तर फार कमी जणांना सांगता येतं. ती झाली रक्ताच्या कॅन्सरपासून. आणि त्या गोष्टीत औषध जवळपास नव्हतंच, होती ती शुश्रूषा.

सर दोराबजी टाटांच्या पत्नी लेडी मेहरबाई यांना ल्युकेमिया झाला. १९३१ च्या जूनमध्ये वेल्समधल्या रुथिन इथल्या एका नर्सिंग होममध्ये त्या गेल्या. त्या काळात ल्युकेमिया बरा करणारं एकही औषध जगात नव्हतं. पैसा कितीही असो, शेवटी मिळत होतं ते स्वच्छ अंथरूण, वेदना थोडी कमी करणारं काहीतरी आणि रात्री जागणारी नर्स. पुढच्याच वर्षी, एप्रिल १९३२ मध्ये, दोराबजींनी पत्नीच्या नावाने ल्युकेमियाच्या संशोधनासाठी ट्रस्ट केला आणि दोन महिन्यांत तेही गेले. मुंबईत कॅन्सरवर उपचाराची सोय व्हावी ही त्यांची इच्छा मागच्यांनी पुरी केली. २८ फेब्रुवारी १९४१ रोजी गिरणगावातल्या परळला टाटा मेमोरियल सुरू झालं. सुरुवातीला खाटा होत्या ८०. १९५७ मध्ये ते केंद्राच्या आरोग्य खात्याकडे आणि १९६२ मध्ये अणुऊर्जा खात्याकडे गेलं. अणुऊर्जेचे होमी भाभा हे मेहरबाईंचे सख्खे भाचे. अणुबॉम्बवाल्या खात्याकडे कॅन्सरचं हॉस्पिटल कसं, असं मला बरेच जण विचारतात. किरणोपचार हे एक कारण, आणि दुसरं हे घरातलं नातं.

इथपर्यंतचा इतिहास पुस्तकांत आहे, इंटरनेटवर आहे. देणगीदार आहेत, डॉक्टर आहेत, मशिनं आहेत. सिस्टर नाहीत.

हे नवीन नाही म्हणा. आपल्या कुड्याच्या लेण्यांत एक शिलालेख आहे, सुमारे १८००-२००० वर्षांपूर्वीचा. लेणं दान करणारा सोमदेव, धंद्याने वैद्य. त्याचा बाप इसिरखित, तोही वैद्य. सोमदेवाच्या मुलांचीच नाही, तर मुलींचीही नावं दगडात कोरलेली आहेत. मांदाडच्या खाडीकाठी इतक्या जुन्या काळी वैद्यांचं असं बऱ्यापैकी सुखवस्तू घराणं होतं, याचा तळेकर म्हणून अभिमान वाटतो. पण सोमदेवाच्या रोग्याजवळ रात्रभर कोण बसत होतं, ते कुणी कोरून ठेवलेलं नाही.

आधुनिक काळातही ही कामं करणाऱ्या बायकांची नावं शोधावी लागतात. नर्सिंगच्या पाठ्यपुस्तकांत १८९१ साली मुंबईत शिकायला आलेल्या बाई काशीबाई गणपत यांचं नाव पहिली भारतीय नर्स म्हणून येतं. त्यांच्याबद्दल बाकी फार काही येत नाही. पुण्यात रमाबाई रानड्यांनी १९०९ मध्ये सेवासदन सुरू केलं आणि तिथल्या विधवा मुलींना ससूनमध्ये नर्सिंग शिकायला पाठवलं. त्यावर लोकांनी किती बोंब मारली असेल याची कल्पना करा. परक्या पुरुषाला हात लावायचा, विटाळ काढायचा, रात्रपाळी करायची! आज आपल्याकडची बारावी झालेली पोर जीएनएमला जाते तेव्हा तिला स्वतःला ठाऊक नसतं की हा रस्ता कुणी पाडला.

आता रक्ताच्या कॅन्सरकडे परत येऊ, कारण इथे नर्सिंगचं काम सगळ्यात अवघड आहे.

१९४८ च्या सुमारास अमेरिकेत बॉस्टनला डॉ. सिडनी फार्बर यांनी ल्युकेमिया झालेल्या मुलांना अमिनॉप्टेरिन नावाचं औषध दिलं आणि काही मुलं काही महिन्यांपुरती का होईना, उठून खेळायला लागली. ते औषध ज्या प्रयोगशाळेतून आलं तिथे संशोधनाचे प्रमुख होते आपले आंध्रचे यल्लाप्रगडा सुब्बाराव. मग १९६० च्या दशकात व्हिन्क्रिस्टीन आलं. ते कशातून काढतात? आपल्या अंगणातल्या सदाफुलीतून. (म्हणून कुणी पानं चावून खायला जाऊ नका, कृपा करून. झाडात विषारी द्रव्यं आहेत आणि औषधाचं प्रमाण अगदी सूक्ष्म असतं.) हे औषध शिरेतून जरासं बाहेर झिरपलं तर आजूबाजूचं मांस जळतं. चुकून पाठीच्या मणक्यात दिलं गेलं तर रोगी हमखास दगावण्याच्या वाटेला लागतो. म्हणजे डॉक्टरने कागदावर बरोबर लिहिलं तरी खाटेपाशी उभी असलेली सिस्टर सिरिंजवरचं नाव, रोग्याचं नाव आणि सुईची जागा तपासते की नाही, यावर एक जीव टांगलेला असतो.

आणि औषध शरीरात गेलं की खरं काम सुरू होतं. केमो कॅन्सरच्या पेशी मारते, तशी चांगल्याही मारते. "काउंट उतरले" हे वाक्य टाटात गेलेल्या प्रत्येक घराला पाठ असतं. पांढऱ्या पेशी इतक्या कमी होतात की तोंडात आलेली एक फोड, नखाजवळची जखम, धड न धुतलेलं फळ, काहीही पुरतं. प्लेटलेट घसरल्या की हिरड्यांतून रक्त. मग रोज तोंड तपासणं, दर काही तासांनी ताप बघणं, लघवी मोजणं, सलाईनची जागा बघणं. रक्ताची पिशवी लावताना नाव, नंबर आणि गट दोघांनी मिळून पडताळायचा आणि पहिली १५ मिनिटं रोग्याजवळून हलायचं नाही, कारण रक्त उलटलं तर बहुतेक वेळा तेव्हाच कळतं. रक्तगट ही किती फसवी गोष्ट आहे हे तर मुंबईनेच जगाला दाखवलं. १९५२ मध्ये डॉ. भेंडे आणि सहकाऱ्यांनी जो दुर्मीळ गट जगापुढे मांडला त्याला आजही 'बॉम्बे ब्लड ग्रुप' म्हणतात. साध्या तपासणीत तो 'ओ' वाटतो, पण त्या माणसाला 'ओ'चं रक्त चालत नाही.

२० मार्च १९८३ रोजी टाटात देशातलं पहिलं बोन मॅरो प्रत्यारोपण झालं. नऊ वर्षांची मुलगी, तिच्या भावाने मॅरो दिला. डॉ. सुरेश अडवाणी यांचं नाव त्यामुळे देशभर झालं आणि ते व्हायलाच हवं होतं. स्वतः पोलिओमुळे व्हीलचेअरवर असलेला माणूस तो. पण अशा प्रत्यारोपणात रोग्याच्या पेशी जवळजवळ शून्यावर आणतात आणि नवीन मॅरो रुजेपर्यंतचे दोन-तीन आठवडे त्याला बंद खोलीत जपतात. ते दिवस नर्सचे असतात. त्या खोलीत तिन्ही पाळ्यांना कोण होतं, हे मी बरंच शोधलं. नावं सापडली नाहीत.

आता आपल्या जिल्ह्यात या. टाटाचंच दुसरं केंद्र, अॅक्ट्रेक, खारघरला आहे. खारघर म्हणजे पनवेल तालुका, म्हणजे रायगडच. मॅरो प्रत्यारोपणाचा विभागही २००७ मध्ये परळहून तिकडे गेला. म्हणजे देशातल्या सगळ्यात प्रगत रक्तरोग उपचारांपैकी एक जागा आपल्याच जिल्ह्यात आहे. तळ्याच्या माणसाला मात्र ती परळइतकीच लांब वाटते. कारण मध्ये मुंबई-गोवा हायवे आहे. पळस्पे ते आपलं इंदापूर, ८४ किलोमीटर. रुंदीकरण सुरू झालं २०११ साली. पुढचं तुम्हाला मी सांगायला नको.

आणि मुळात केमोचा रोगी सगळे दिवस हॉस्पिटलात नसतोच. दोन डोसांच्या मध्ये त्याला घरी सोडतात. काही जण परळला नाना पालकर स्मृती समितीत नाहीतर दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत जागा मिळाली तर राहतात, बाकीचे गावी येतात. हातात पिक लाईनची नळी, पिशवीत फाईल, आणि फाईलवर सूचना: ताप १००.४ च्या वर गेला तर ताबडतोब हॉस्पिटल गाठा. ताबडतोब म्हणजे खरोखर ताबडतोब. काउंट उतरलेल्या माणसाला ताप आला की तासाभरात अँटिबायोटिक शिरेतून जायला हवं, असं शास्त्र सांगतं. रात्री दीडला तळ्याच्या एखाद्या वाडीवर ताप १०१ झाला तर हा तास कुठून आणायचा?

मी अशा काही घरांत गेलोय. एका घरी आईने वहीच्या मागच्या पानांवर ताप लिहून ठेवला होता. दिवसातून सहा वेळा, तारखेसकट, आठ महिने. शिक्षण सातवी. नळीचं ड्रेसिंग टाटातल्या सिस्टरने तिला एकदा दाखवलं, दुसऱ्यांदा तिच्याकडून करून घेतलं, बस्स. ती म्हणाली, "दादा, भीती पोराच्या आजाराची नाय, माझ्या हाताची वाटते." तिला विचारायला जवळपास कुणी नव्हतं. आपल्या उपकेंद्रांतल्या सिस्टर कामसू आहेत, पण लसीकरण, बाळंतपणं आणि मोबाईलवर भरायच्या याद्या यांतून त्यांना डोकं वर काढता येत नाही. शिवाय पिक लाईन हाताळायला त्यांना कुणी शिकवलंय का, हा प्रश्न वेगळाच.

सिकलसेलचीही तीच कथा. आदिवासी समाजांत या आजाराचा वारसा जास्त आढळतो आणि आपल्या तालुक्याभोवती कातकरी वाड्या किती आहेत ते तुम्ही बघताच. जुलै २०२३ मध्ये केंद्राने राष्ट्रीय मोहीम सुरू केली. ७ कोटी लोकांची तपासणी, २०४७ पर्यंत निर्मूलन. तपासणी चांगलीच आहे. पण कार्ड हातात मिळाल्यावर ज्या दिवशी पोराची हाडं ठणकायला लागतात, तेव्हा ते ढोंग करत नाहीये हे ओळखणारं, पाणी पाजणारं, वेदनेचं औषध वेळेवर देणारं माणूस लागतं. तेही नर्सिंगच.

अशक्य वगैरे काही नाही यात. केरळने करून दाखवलंय. १९९३ मध्ये कोझिकोडला डॉ. राजगोपाल, डॉ. सुरेश कुमार आणि मंडळींनी वेदना कमी करण्याचं एक केंद्र सुरू केलं. त्यातून गावागावांत स्वयंसेवक उभे राहिले आणि २००८ मध्ये केरळ सरकारने देशातलं पहिलं पॅलिएटिव्ह केअरचं धोरण आणलं. त्यातून पंचायतीच्या पातळीवर घरोघर जाणारी प्रशिक्षित नर्स आली. जखम धुते, नळी बदलते, मॉर्फिनच्या गोळ्या कशा घ्यायच्या ते समजावते, घरच्या बाईला दोन तास झोपू देते. "केरळचं वेगळं आहे," असं मला एका पुढाऱ्याने ऐकवलं. वेगळं काय आहे? त्यांच्याही पंचायतीला आपल्यासारखाच निधी मोजूनमापून मिळतो. त्यांनी तो कशावर घालवायचा ते ठरवलं.

आणि केरळ सोडा, मुंबईचंच बघा. १९९८ पासून टाटाच्या डॉक्टरांनी झोपडपट्ट्यांत दीड लाख बायकांचा अभ्यास केला. दहावीपर्यंत शिकलेल्या बायकांना प्रशिक्षण देऊन त्यांच्याकडून गर्भाशयमुखाच्या कॅन्सरची तपासणी करवली. साधन काय, तर व्हिनेगरमधलं ॲसिड आणि दिव्याचा उजेड. त्या कॅन्सरने होणारे मृत्यू ३१ टक्क्यांनी कमी झाले. दहावीची बाई शिकवली तर हे करू शकते, तर आमच्या जीएनएम झालेल्या पोरी काय करू शकणार नाहीत?

देशाचा पॅलिएटिव्ह केअरचा राष्ट्रीय कार्यक्रम २०१२ पासून कागदावर आहे. मॉर्फिन मिळणं सोपं व्हावं म्हणून २०१४ मध्ये कायदाही बदलला. नर्सिंग कौन्सिलचा कॅन्सर नर्सिंगचा एक वर्षाचा खास डिप्लोमा आहे. सगळे तुकडे आहेत, जोडणारं कुणी नाही. माझं म्हणणं एवढंच: रायगडच्या प्रत्येक तालुक्यातून दोन नर्स खारघरला शिकायला पाठवा, आणि परत आल्यावर त्यांना याद्या भरायला बसवू नका. त्यांना एक गाडी आणि रात्री उचलला जाणारा एक फोन द्या. जिल्हा परिषदेला हे जड नाही. स्वागत कमानींचा खर्च मी बातम्यांसाठी काढलेला आहे, त्यामुळे जबाबदारीने बोलतोय.

या सोमवारी मी माहिती अधिकारात तीन प्रश्न टाकतोय. रायगड जिल्ह्यात पॅलिएटिव्ह केअरचं प्रशिक्षण घेतलेल्या नर्स किती, त्यांतल्या सध्या त्याच कामावर किती, आणि तळा तालुक्यात केमो चालू असलेल्या रोग्यांची नोंद कुणाकडे आहे. ३० दिवसांत उत्तर यायला हवं. आलं की जसंच्या तसं इथे टाकतो, नाही आलं तर अपील करतो. तोवर ज्यांच्या घरी असा रोगी आहे त्यांनी इनबॉक्समध्ये कळवा. नाव कुठेही येणार नाही. फक्त गाव सांगा, आणि रात्री ताप आला तेव्हा कुठे गेलात आणि पोचायला किती वेळ लागला, तेवढं लिहा.