भक्षक पेशीची कुळकथा

रेहेकुरीच्या माळावर शेळ्यांमागे हिंडणाऱ्या पोराच्या टाचेत बाभळीचा काटा मोडला, आणि सुईने, दाभणाने किंवा दुसऱ्या काट्यानेही तो निघाला नाही, म्हणजे दोन-तीन दिवसांत टाच तांबडी होऊन ठणकू लागते व अखेरीस पिकते, हे कर्जत तालुक्यात कोणास सांगावयास नको. परंतु तो पू म्हणजे काट्यासंगे शिरलेल्या जंतूंना गिळण्यासाठी धावलेल्या आणि तेथेच मेलेल्या पांढऱ्या पेशींचा खच होय, हे उमगण्याची वाट १८८२ साली, दूर सिसिलीत, एका काट्यानेच दाखविली.

मेसिना येथे इल्या मेचनिकॉफ या रशियन प्राणिशास्त्रज्ञाने, घरची मंडळी सर्कशीस गेली असता, तारामाशाच्या पारदर्शक डिंभात गुलाबाचा काटा खुपसला आणि रात्र जागून काढली. सकाळी पाहतो तो काट्याभोवती फिरत्या पेशींचा गराडा पडलेला! या डिंभास रक्तवाहिन्या नसतात, म्हणजे पेशी रक्ताबरोबर वाहत आल्या नव्हत्या, आपण होऊन चालत आल्या होत्या. मला या कथेत सर्वांत मोलाची वाटते ती प्राण्याची ही निवड. अशा पेशींना नाव हवे म्हणून त्याने व्हिएन्नाच्या क्लाउस या प्राध्यापकास विचारले, तेव्हा त्याने खाणे आणि पोकळ पात्र या अर्थांच्या दोन ग्रीक शब्दांतून ‘फॅगोसाइट’ हे नाव दिले. मराठीत आपण त्यांना भक्षक पेशी म्हणतो.

मेचनिकॉफचे ओडेसातील शिष्य वाल्डेमार हाफकिन पॅरिसच्या पाश्चर संस्थेत ग्रंथालयातील दुय्यम नोकरीवर रुजू झाले आणि तेथून पटकीच्या लसीपर्यंत पोहोचले. जुलै १८९२ मध्ये ती त्यांनी प्रथम खुद्द स्वतःस टोचून घेतली व पुढल्याच वर्षी, जेथे पटकीच्या बंदोबस्तासाठी गावे मरीआईला साकडे घालीत, त्या हिंदुस्थानात ते दाखल झाले. मुंबईतील परळची संशोधनसंस्था १९२५ पासून त्यांच्या नावाने चालते.

भक्षक पेशीस हात नाहीत, तोंड नाही. तिच्या पडद्याचे छद्मपाद जंतूभोवती सरकतात, त्यांची टोके जुळतात, आणि जंतू आतल्या पिशवीत कोंडला जातो. मग लयकारिका नावाच्या पेशीतील पाचक पिशव्या त्या पिशवीस येऊन मिळतात व त्यांतील विकरे त्याचे पचन करतात.

परंतु ज्या जळजळीस आपल्याकडे ‘पित्त खवळले’ म्हणून सोडून देतात, तिच्यामागे कित्येकदा असणारा हेलिकोबॅक्टर पायलोरी हा जंतू भक्षक पेशींच्या या अंमलास सहजी जुमानीत नाही. युरियापासून अमोनिया करून तो जठरातील आम्ल आपल्यापुरते शमवितो. पर्थच्या बॅरी मार्शल यांनी १९८४ साली तो पिऊन जठरदाह ओढवून घेतला, आणि २००५ साली रॉबिन वॉरन यांच्यासह त्यांना नोबेल मिळाले. पेशी त्यावरही धावून येतात. तथापि त्याच्या उग्र जाती गिळण्यास त्यांना विलंब लागतो, आणि गिळल्यावर निरनिराळ्या पिशव्या एकमेकींत मिसळून एक मोठी पिशवी बनते, जिच्यात अनेक जंतू एकत्र, कित्येक तास, जिवंत राहतात.